फुलाचे भाग शिकायला जास्वंद की भेंडी?

कोथरूडला शेजारच्या ताई विचारत होत्या, मुलीला दहावीच्या प्रकल्पासाठी फूल कापून दाखवायचंय, कुंडीत काय लावू? दोन्ही एकाच कुळातली, त्यामुळे तुलना सोपी.

खर्च: जास्वंदीची फांदी कुणीही फुकट देतं. भेंडीचं बी स्वस्तच, पण फूल यायला दीड-दोन महिने.

फुलाची रचना: जास्वंद इथे सरस. पाच पाकळ्या, मधून लांब नळी, नळीवर पिवळे परागकोश (परागकणांच्या पिशव्या) आणि नळीतूनच बाहेर आलेली पाच टोकांची कुक्षी (पराग झेलणारं टोक); भिंगाचीही गरज नाही. भेंडीचं पिवळं फूल सुंदर, पण सकाळी उमलून संध्याकाळी मिटतं. शाळेतून येईपर्यंत गेलंच म्हणायचं.

परागण ते बी: इथे मात्र जास्वंद फसवते. बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचितच धरतं, म्हणून तर फांद्या लावायच्या. भेंडीत स्वपरागणही (फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडणं) होतं, आठवड्याभरात फळ. ते आडवं कापलं की अंडाशयाचे, म्हणजे फुलाच्या ज्या भागाचं फळ होतं त्याचे, कप्पे (बहुधा पाच) आणि मधल्या अक्षाला चिकटलेली बीजं. भाजी चिरताना रोज दिसतं, बघतं कोण!

नुसती आकृती काढायची तर जास्वंद. फुलापासून बीपर्यंतचा प्रवास दाखवायचा तर भेंडी. वेळच नसेल तर फूल शेजारून, फळ मंडईतून.