खरा गंज की रंगवलेला?

सहा इंची एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) तुकड्यावरच्या चित्रात झीज दाखवायची म्हटलं की मी इथेच अडते. ठाण्याच्या कोलशेतला खाडीकाठी पडलेल्या पत्र्याला सुटतात, तसे पापुद्रे मला हवे असतात.

खऱ्या गंजासाठी आधी लाकडावर जेसोचे (रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, नाहीतर कडा पाणी पिऊन फुगतात. ओल्या फेविकॉलवर लोहकीस भुरभुरायचा आणि तो वाळला की व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ घालून फवारायचं. सकाळी उठून बघावं तर केशरी ओघळ, मधेच काळपट डाग, एखाद्या कोपऱ्यात काहीच नाही. ही मनमानी मला ब्रशने कधीच साधली नाही. घरभर लोणच्यासारखा आंबट वास सुटतो, तो वेगळाच! पण हा गंज थांबत नाही. मीठ हवेतली ओल धरतं आणि ठाण्यातला जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. वार्निश मारूनही माझ्या एका चित्राने भिंतीवर तपकिरी चौकोन उमटवला.

रंगवलेला गंज गुणी. मॉडेलिंग पेस्टमध्ये (चित्राला उठाव देणाऱ्या घट्ट लेपात) खडखडीत वाळवलेला चहाचा चोथा मिसळायचा, वर स्पंजने बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). गंमत म्हणजे या रंगांतही लोहाचे ऑक्साइडच असतात, म्हणजे खोटा गंजही नात्यातलाच. फक्त हात सारखा फिरला की चित्र बाथरूमच्या टाइलसारखं दिसतं.

भेट द्यायची चित्रं मी रंगवते. खऱ्या गंजाची माझ्याच घरी, भिंतीपासून बोटभर पुढे टांगलेली.