खास शिवून घेतलेलं खिसेवालं जाकीट आणि पँट: काही महिन्यांच्या वापरानंतर

रानात फिरून वनस्पतींच्या नोंदी घेणं हे माझं काम. सतत हाताशी लागणाऱ्या वस्तू ठरलेल्या: फोन, वही, पेन्सिली, 10 पट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, छाटणीची कात्री, पॉवर बँक, नमुन्यांसाठी कागदी पाकिटं. हे सगळं पाठीवरच्या पिशवीत ठेवलं की प्रत्येक झाडापाशी पिशवी उतरवा, चेन उघडा, चाचपा, परत चढवा. म्हणून बिनबाह्यांचं जाकीट आणि पँट असा जोड मापाने शिवून घेतला. गेले सात-आठ महिने तो जवळजवळ रोज अंगावर आहे, उन्हात, पावसात आणि काट्याकुट्यांतही. माझं ठाम मत झालंय की खिसे किती आहेत यापेक्षा त्यांतलं वजन अंगावर कुठे लटकतं, यावर असा कपडा टिकतो आणि घालावासा वाटतो.

तयार कपड्यांत हे का जमलं नाही, ते थोडक्यात सांगते. बायकांच्या पँटींचे खिसे उथळ असतात हा नुसता अनुभव नाही. 'द पुडिंग' या संकेतस्थळाने 2018 मध्ये 20 ब्रँडच्या 80 जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्यापेक्षा सरासरी 48 टक्के कमी खोल आणि 6.5 टक्के कमी रुंद भरले. पुरुषांची पँट घेतली तर खिसे मिळतात, पण कंबर आणि नितंब यांचं गणित चुकतं. मासेमारीची तयार जाकिटं खिशांनी भरलेली असतात खरी. मात्र सगळा भार छातीवर येतो, आणि वाकलं की जाकीट पुढे झुलून रोपावर आपटतं. ज्या रोपाची नोंद घ्यायची तेच मोडतं, याचा मला फार राग यायचा.

शिवणारं माणूस मिळायला वेळ लागला. एकाने सरळ नकार दिला, आणि त्याचं कारण समजण्यासारखं होतं: साध्या खिशालाही बेतणं, घडी, तोंडाची पट्टी, अस्तर आणि कोपरे इतकी कामं असतात. अंगाचं कापड पटकन शिवून होतं, दिवस खातात ते खिसे. त्यामुळे प्रत्येक खिशाची मजुरी वेगळी ठरवणं हेच दोघांच्या सोयीचं. शेवटी जे मास्तर भेटले, त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, खिसा नंतर सांगा, आधी कात्री दाखवा." तिथेच मला विश्वास वाटला.

मग सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या. मोठ्या पडद्याचा फोन साधारण 16 सेंमी उंच आणि 8 सेंमी रुंद असतो, पण खिसा त्याच मापाचा केला तर हात आत जात नाही. खिशाच्या तोंडाला वस्तूचं नव्हे, पंजाचं माप लागतं. खोलीला मात्र वस्तूचं. जुन्या शर्टावर पुठ्ठ्याचे तुकडे टाचणीने लावून आम्ही जागा ठरवल्या. मास्तरांनी मला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं, पाठीवर भरलेली पिशवी चढवून पुन्हा चालायला लावलं. ही शेवटची चाचणी सोन्यासारखी ठरली. पिशवीचे पट्टे छातीच्या दोन्ही कडांवरून जातात आणि कमरेचा पट्टा बरोबर बाजूच्या खिशांच्या तोंडावर बसतो. म्हणून छातीचे खिसे मध्याकडे सरकवले आणि जाकिटाचे खालचे खिसे कमरपट्ट्याच्या खाली आणले. त्यानंतर स्वस्त मांजरपाटावर कच्च्या टाक्यांचा एक नमुना झाला. तो टप्पा कुणीही गाळू नये.

कापड पँटला पॉलिस्टर-सुती ड्रिल, म्हणजे तिरप्या विणीचं जाड कापड, जाकिटाला रिपस्टॉप. रिपस्टॉपमध्ये ठरावीक अंतराने जाड धाग्यांची जाळी विणलेली असते. काट्याने भोक पडलं तरी फाट पुढे धावत नाही. हे अगदी खरं आहे. बाभळीने जाकिटाला बरीच भोकं पाडली, एकही नखाएवढ्यापेक्षा मोठं झालं नाही. कापड बेतण्याआधी धुऊन घेतलं होतं, कारण सुती धागा पहिल्या धुण्यात आटतो, आणि अंगाचं कापड व खिशाचं अस्तर वेगवेगळं आटलं की खिशाच्या तोंडाला कायमच्या चुण्या पडतात.

आता वजनाचं. कात्री आणि पॉवर बँक मिळून सहज अर्धा किलो होते. खिशाची पिशवी फक्त तोंडाच्या शिवणीला लटकत असेल तर चालताना ती लंबकासारखी हलते, आणि सगळा ताण तोंडाच्या दोन कोपऱ्यांवर येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या मांडीवरच्या मोठ्या खिशांना पायाभोवती बांधायच्या नाड्या लावत, त्या याच हलण्यासाठी. आमच्या मास्तरांनी नाड्यांऐवजी पिशवी वरून कंबरपट्टीत आणि कडेने बाजूच्या शिवणीत पकडली. भार सरळ कमरेवर जातो आणि खिसा मांडीला चिकटून राहतो. कोपऱ्यांमागे कापडाचं दुहेरी ठिगळ आणि वर बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट आडव्या टाक्यांची पट्टी. खिशाचे कोपरे आधी उसवतात हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेतल्या रेनो गावी जेकब डेव्हिस या शिंप्याकडे एका लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी दणकट पँट मागितली, तेव्हा त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट, म्हणजे कापडाचे थर पकडून ठेवणारे धातूचे खिळे, ठोकले. त्याचं पेटंट डेव्हिस आणि लीव्हाय स्ट्रॉसच्या कंपनीला 20 मे 1873 रोजी मिळालं. म्हणजे जीन्सचा तो प्रसिद्ध रिवेट मुळात एका गिऱ्हाइकाच्या खास मागणीतून आला, ही गोष्ट मला फार आवडते. रिवेट मात्र मी नको म्हटलं. खडकावर बसलं की घासतात, आणि बारटॅक इतके महिने एकही सुटलेला नाही.

मांडीचा खिसा बाजूच्या शिवणीवर अर्धा पुढे, अर्धा मागे असा बसवला आणि गुडघ्याच्या बराच वर ठेवला. बसल्यावर वस्तू मांडीवर आडवी होत नाही, गुडघा दुमडताना टोचत नाही. वहीच्या खिशाला कडेने घडी दिली आहे. रिकामा असताना सपाट, भरला की फुगतो. कात्रीच्या खिशाचा तळ कॅनव्हासचा दुहेरी, तरीही टोकाने आतला थर खाल्ला आहे. तिथे चामड्याचा तुकडा हवा होता.

बंद करण्याच्या साधनांबद्दल माझं मत बदललं. सुरुवातीला दोन खिशांना वेल्क्रो होता. गवताची कुसळं त्याच्या आकड्यांत इतकी भरली की पकड गेली. शिवाय तो फर्रकन उघडला की जवळचा पक्षी उडून जातो. तिथे आता मोठी बटणं आहेत, ओल्या बोटांनीही लागतात. फोनच्या खिशाला जाड दातांची प्लॅस्टिक चेन आणि ओढायला दोरीचा फासा, ही जोडी उत्तम चालली. चुंबकी बटणं सुचवणारे बरेच भेटतील. होकायंत्र किंवा चुंबकी पट्टीचं कार्ड जवळ असेल तर ती घेऊ नका.

तक्रारीही आहेत. खिशांखाली कापडाचे दोन-तीन थर येतात, छातीवर घाम साचतो. पाठीला जाळी लावली म्हणून निभावतं. धुतल्यावर अंग वाळतं आणि खिशांचे तळ ओलेच राहतात, म्हणून जोड उलटा करून वाळत घालावा लागतो. खालच्या खिशांच्या तळाला पाणी निथळण्यासाठी छोटी धातूची भोकं बसवली, तो खर्च सार्थकी लागला. चौकोनी कोपऱ्यांत वाळू आणि बिया अडकतात, गोल कोपऱ्यांत नाही. जाकिटाच्या मागचा पाण्याच्या बाटलीचा खिसा मात्र फसला. बाटली भरली की गळा मागे ओढला जातो आणि मानेला काचतो. तो मी वापरणं सोडलं.

कुठल्या खिशात काय, हे हाताला पाठ व्हायला काही आठवडे जातात. एकदा झालं की भिंग काढायला नजर पानावरून हलवावी लागत नाही, आणि माझ्या कामात यापेक्षा मोठी सोय नाही. त्यासाठी खिशांची जागा मधेच बदलू नये. उजव्या हाताची वस्तू उजव्या कमरेला, पण आतल्या छातीच्या खिशातली वस्तू डाव्या बाजूला, कारण तिथे उजवा हात आडवा जातो.

दुसरा जोड शिवायला टाकला आहे. बेतलेल्या नमुन्याचे कागद मास्तरांकडून मागून घेतले होते, त्यामुळे या वेळी मापांपासून सुरुवात नाही. बाटलीचा खिसा काढला, कात्रीच्या तळाला चामडं घातलं, आणि शिवणीत दाब थोडा जास्त सोडायला सांगितलं, म्हणजे पुढे कंबर सैल करावी लागली तरी खिसे उसवावे लागणार नाहीत.