टाटा 697 चा डिझेल पंप: बीडच्या दुकानाचं बेंचकाम चोख, फिटिंग मात्र समोर उभं राहून करून घ्या

उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरला आणि सीझनला उसाला लागणाऱ्या जुन्या टाटा गाड्यांचं पंप-नोझलचं (सिलिंडरांत डिझेल दाबणारा पंप आणि ते फवारणारी नोझल) काम करणारं बीडमधलं हे दुकान. 697 इंजिन (सहा सिलिंडर, 97 मिमीचा बोअर, 128 मिमीचा स्ट्रोक, 5675 सीसी) इथे नेहमीचं. 'गाडी ओढत नाही' म्हटलं की आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) विचारतात, आणि ते बरोबरच आहे. सिलिंडरांत 3-4 बारचा फरक असेल तर पंपावर खर्च करून उपयोग नाही. आधी व्हॉल्व्ह, नाहीतर रिंगा.

बेंचकामाला, म्हणजे काढलेला पंप टेस्ट मशीनवर लावून बघण्याला, पूर्ण मार्क. सहाही लाइनचं डिझेल काचेच्या नळ्यांत शेजारी शेजारी दिसतं, पातळी वरखाली असेल तर एलिमेंट (पंपातला डिझेल दाबणारा दट्ट्या) किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (डिझेल नळीत सोडणारा) बदलतात. नोझल 200 बारच्या आसपास लावतात, थेंब गळणारं परत देत नाहीत. व्हॅक्यूम गव्हर्नरच्या (हवेच्या ओढीवर इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या) पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदाही तपासतात: स्टॉप लिव्हर ओढायचा, व्हॅक्यूमच्या तोंडावर बोट दाबायचं, लिव्हर सोडायचा. रॅक (डिझेल कमीजास्त करणारी पंपातली पट्टी) जागेवर थांबला तर ठीक, सरकत गेला तर डायफ्राम फाटलाय. असा पंप गाडीवर चढवला की रॅक फुलवर जातो, इंजिन पळत सुटतं आणि काळा धूर ओकतं.

'थोडं डिझेल वाढवून द्या' ही मागणी इथे सरळ नाकारतात. ड्रायव्हर मंडळी नाराज होतात, पण हवा तेवढीच असताना जास्तीचं डिझेल जळणार कसं? मांजरसुंब्याचा घाट लोड घेऊन चढताना नुसती उष्णता वाढते, हेडला चीर जाते. पिकअप हवा असेल तर आधी ऑइल-बाथ फिल्टर उघडा. तळाशी काळ्या मातीचा गाळ बसलेला असतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर इनटेक 0.20 मिमी, एक्झॉस्ट 0.30 मिमी.

नाराजी फिटिंगवर. पंपाचं टायमिंग (डिझेल नेमकं कधी फवारायचं ते) पोरं कानाने लावतात. पुढे गेलं तर इंजिन ठोकतं आणि गॅस्केट जातं, मागे राहिलं तर ॲव्हरेज जातं. एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून, वाकडी नळी लावून, थेंब तुटतो ती खूण बघूनच लावायला सांगा. दुसरं, नोझलखालचा जुना तांब्याचा वायसर हेडमधल्या नोझलच्या भोकातच चिकटून राहतो आणि वर नवा बसतो. दोन वायसरांनी नोझल वर उचललं जातं, फवारा पिस्टनच्या वाटीत पडत नाही. टॉर्च लावून ते भोक बघा. काढलेले एलिमेंट मागून घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. न मागता दोन्ही मिळत नाही.

गाडी गरम होते म्हणून पंपाला दोष देऊ नका. बोअरवेलच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतो, ते रॉडिंगचं (नळ्यांत सळई घालून साफ करण्याचं) काम, इथे होत नाही. उसाच्या तोंडावर पंपांची रांग लागते, तेव्हा दसऱ्याच्या आधीच टाका.