टोकन घेता येत होतं, विकता येत नव्हतं

लिहू की नको करत दोन महिने गेले. बायको म्हणाली लिही, लोक हसले तर हसूदेत, एखादा तरी वाचून थांबेल. मी डिचोलीचा, पिळर्णला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, आकडेमोड रोजचीच, त्यामुळे क्रिप्टोच्या एका टोकनमध्ये (डिजिटल नाणंच म्हणा) हिशेब कळत नाही म्हणून फसलो असं म्हणायलाही तोंड नाही.

मे महिन्यात कामावरचा एकजण मला पर्वरीच्या एका हॉटेलच्या हॉलात घेऊन गेला. बाहेर कटलेट आणि कॉफी, आत चाळीस-पन्नास माणसं, त्यातली दोन-तीन ओळखीची. आमच्या गावचे एक रिटायर्ड मास्तर पण होते, त्यांना बघून मला धीर आला, आता वाटतं मला बघून त्यांनाही आला असणार. बोलणारा तिशीतला, सगळे त्याला सर म्हणत होते. त्याने सुरुवातच इथेरियमपासून केली, म्हणजे बिटकॉइननंतरचं मोठं क्रिप्टो नेटवर्क, ईथर हे त्याचं नाणं. 2014 साली इथेरियमवाल्यांचं नेटवर्क अजून सुरू पण झालेलं नव्हतं आणि त्यांनी ईथर आधीच विकून टाकलं, सुरुवातीला एका बिटकॉइनला 2000 ईथर, म्हणजे एक साधारण 30 सेंटला पडलं, त्यातून 1.8 कोटी डॉलर उभे राहिले आणि पुढे एकेक ईथर हजारो डॉलरला गेलं. हे सगळं खरं आहे बरं का, मी घरी येऊन तपासलं. पण तपासलं ते इथेरियमचं. ह्याचं टोकन तपासायचं राहूनच गेलं.

ह्यांचं टोकन म्हणे गोव्याच्या टुरिझमसाठी. हॉटेल, टॅक्सी, वॉटर स्पोर्ट्स सगळं त्याच्यावर चालणार. व्हाइटपेपर, म्हणजे योजनेचं माहितीपत्रक, म्हणून 38 पानांची पीडीएफ, त्यात रोडमॅप, गोल चार्ट आणि चार परदेशी लोकांचे फोटो. (त्यातला टेक्निकल हेड म्हणून दाखवलेला माणूस नंतर मला एका दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत सापडला, तोच शर्ट, तेच हसणं.) स्टेज 1 ला टोकन 2 सेंट, स्टेज 2 ला साडेतीन, लिस्टिंगला, म्हणजे एक्स्चेंजवर खुली खरेदी-विक्री सुरू होताना, 10. साइटवर वर लाल पट्टी, स्टेज संपायला इतके तास उरले. एका रात्री फोन बंद पडला, चार्ज करून परत उघडला तर 6 तासांचे परत 47 तास झालेले. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. ज्याला घ्यायचंच असतं ना, त्याला कारण पण स्वतःच सापडतं.

पैसे थेट कोणाच्या बँकेत जात नाहीत, म्हणून तर ते इतकं साफ वाटतं. आधी एका अॅपवर रुपये देऊन युएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) घ्यायचं, ते आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे फोनवरच्या क्रिप्टोच्या पाकिटात, आणायचं, मग वॉलेट त्यांच्या साइटला जोडून बटण दाबायचं. युएसडीटी जातं आणि साइटवर आपल्या नावापुढे टोकनचा आकडा दिसतो. नुसता आकडा. पहिले 20 हजार टाकले, मग 50, आणि मग बाबांची एफडी.

एफडीचं सांगायलाच हवं. बाबांचे दोन टिपर होते खनिजावर, 2012 ला खाणी बंद पडल्या, परत थोडं सुरू झालं तर 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीझ रद्द केल्या, त्यात एक टिपर जवळजवळ भंगाराच्या भावात गेला आणि जे हाती आलं त्याची एफडी. मी त्यांना समजावत होतो, क्रिप्टो म्हणजे कसं, ब्लॉकचेन कसं, मायनिंग कसं, तर त्यांनी पेपरातून मान वर करून विचारलं, "मायनिंग? कुठल्या खाणीवर?" आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी सही केली. दीड लाख.

वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, शिवणकाम करते. तिचे 40 हजार मीच घेतले, वर रेफरलचे 5 टक्के टोकन मला मिळाले. ग्रुपवर सर सारखे लिहायचे, "आतां घेना जाल्यार मागीर पस्तावतलो", आता घेतलं नाही तर नंतर पस्तावशील. विचारणारे एक-दोघे होते, कंपनी कुठे रजिस्टर आहे वगैरे, त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं आणि आम्ही बाकीचे अंगठे देत बसलो.

लिस्टिंग चवथीच्या दिवशी. माटोळीखाली आरती चाललेली आणि माझं अर्धं लक्ष खिशात. 10 सेंट, 14, 22. दुपारी पातोळ्या खाताना वहिनीला फोन दाखवला, तिच्या 40 हजारांचे चार लाखांच्या वर दिसत होते. म्हटलं थोडे तरी विकूया. डिसेंट्रलाइज्ड एक्स्चेंजवर, म्हणजे मधे कंपनी नसलेल्या, कोडवर चालणाऱ्या बाजारात टाकलं, ट्रॅन्झॅक्शन फेल. परत फेल. दर वेळी गॅस फी, म्हणजे नेटवर्कचं शुल्क, मात्र कापली जायची. घेणाऱ्याचं व्यवस्थित होत होतं. म्हणूनच तर भाव चढत होता, विकणाराच कोणी नव्हता!

संध्याकाळी पुण्याच्या एका मित्राला टोकनचा कॉन्ट्रॅक्ट अॅड्रेस (ब्लॉकचेनवर त्याचा कोड जिथे असतो तो पत्ता) पाठवला, तो प्रोग्रामर आहे. त्याने दहा मिनिटांत ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, उघडून दाखवलं. होल्डर्सच्या यादीत पहिल्याच वॉलेटकडे 81 टक्के टोकन, आणि कोडमध्ये अशी अट की मालकाने ठरवलेल्या अॅड्रेसशिवाय कोणाला विकताच येणार नाही. ह्याला हनीपॉट म्हणतात. असं टोकन बनवायला काही लागत नाही म्हणे, ठरलेला साचा आहे, कॉपी करून नाव बदललं की दुपारपर्यंत तयार. 2021 मध्ये एका गाजलेल्या कोरियन सिरीजच्या नावावर असंच टोकन आलेलं, लोकांना विकता येत नव्हतं, भाव 2800 डॉलरच्या वर गेला आणि मग काही मिनिटांत जवळजवळ शून्य.

सरांना फोन केला तर म्हणे, घाबरू नका, भारत सरकारचा 30 टक्के टॅक्स आधी भरलात की विक्री अनलॉक होते, युएसडीटीमध्ये पाठवा. इथे पुष्कळ जण दुसऱ्यांदा बुडाले. 30 टक्के टॅक्स आहे, 2022 च्या बजेटमध्ये आला, पण तो नफा झाल्यावर आपण रिटर्नमध्ये सरकारला भरतो, सरांसारख्याला आधी द्यायचा नसतो. आणि ह्या टोकनमध्ये झालेलं नुकसान दुसऱ्या कुठल्या कमाईतून वजाही करता येत नाही. मी नाही भरला. तीन दिवसांनी पूलमधलं, म्हणजे एक्स्चेंजवर टोकनच्या खरेदी-विक्रीसाठी ठेवलेलं, सगळं युएसडीटी निघून गेलं, मग साइट गेली, मग ग्रुप.

मी ह्या टोकनला आयपीओसारखंच समजत होतो, तिथेच मुळात चुकलो. आयपीओत माहितीपत्रक सेबीकडे जातं, शेअर मिळेपर्यंत पैसे आपल्याच खात्यात नुसते अडकवलेले असतात, आणि मिळाला तर कंपनीचा हिस्सा मिळतो. टोकनमध्ये हिस्सा नाही, लाभांश नाही, पुष्कळ वेळा नुसतं एक आश्वासन. आणि नाव मोठं असलं म्हणून झालं असंही नाही. टेलिग्रामने 2018 मध्ये 170 कोटी डॉलर असेच आधी गोळा केले, अमेरिकेच्या एसईसीने (तिकडची सेबी) अडवलं, 2020 मध्ये 120 कोटी परत द्यायचं मान्य करावं लागलं. तिथे निदान परत मागायला समोर कोणीतरी होतं. आमचा हॉल ज्याच्या नावावर बुक होता तो नंबर बंद.

आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, आधी पाचशे-हजाराचं घे आणि ते विकून रुपये आपल्या बँकेत परत आणून दाखव. साइटवरचा आकडा नको दाखवू, पासबुकातली एंट्री दाखव. प्रीसेलमध्ये, म्हणजे अशा आधीच्या विक्रीत, ते करताच येत नाही, लिस्टिंगपर्यंत लॉक असतं, मग तिथेच समजून घ्यायचं.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन मी अकराव्या दिवशी केला. लाजेने. पहिल्या काही तासांत करायला हवा होता, युएसडीटी एखाद्या मोठ्या एक्स्चेंजपर्यंत पोचलं असतं तर कदाचित तिथे तरी अडवता आलं असतं. मधल्या काळात एक "रिकव्हरी एक्स्पर्ट" पण येऊन गेला, पैसे परत काढून देतो, 15 हजार अॅडव्हान्स. माझं नाव त्याला कुठून मिळालं ते उघड आहे, सरांच्याच यादीतून.

मग रायबंदरला सायबर पोलीस स्टेशनला गेलो. प्रत्येक ट्रॅन्झॅक्शनचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), बँक स्टेटमेंट, चॅटचे स्क्रीनशॉट लागतात, तेव्हा ग्रुप उडायच्या आधी एक्स्पोर्ट करून ठेवा. पर्वरीच्या त्या हॉलात जे होते त्यांनी आपापली तक्रार द्या, पैसे गेलेला वॉलेट अॅड्रेस जुळला तर एकत्र बघता येईल. मास्तर अजून तयार नाहीत, मुलाला कळेल म्हणतात.

वहिनीला मी महिन्याला 3 हजार देतोय, ती काही बोलत नाही, मोजून घेते. तिचा अर्ज मीच लिहून दिला. ही स्कीम तुम्हाला कोणी सांगितली, तिथे आलो तेव्हा पेन जरा थांबलं. वहिनी शेजारीच बसलेली. मग पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, माझंच लिहिलं.