जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे मूळ ड्रम ब्रेक: जुन्याच शूवर नवे लायनर, आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात चारही चाकांच्या मूळ शूवर (ड्रमला आतून टेकणाऱ्या कमानींवर) नवे लायनर, म्हणजे घर्षणाचे पट्टे, रिबिटांनी ठोकून घेतले, ड्रम लेथवर साफ केले, शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबर किट बदलले. त्यानंतर नाशिकचा अख्खा पावसाळा, तिथल्या द्वारका चौकाची रोजची गर्दी, दोनदा कसारा घाट आणि एकदा सप्तशृंगी गड. एवढ्यावरून मत असं की, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचा खटाटोप नको. "ड्रम आहे म्हणून धरत नाही" हे गॅरेजमधलं सर्वांत सोयीचं उत्तर आहे. खरा घोळ बहुतेक वेळा शू आणि ड्रमच्या गोलाईत असतो.

ड्रम लेथवर मारला, म्हणजे आतून कातला, की त्याचा व्यास वाढतो, शू मात्र जुन्याच मापाचा राहतो. मग लायनर फक्त मधोमध टेकतो आणि पॅडल दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. याउलट जाड लायनर न घासता बसवला तर आधी दोन्ही टोकं टेकतात, ब्रेक झटका देऊन पकडतो आणि किंचाळतो. पडताळायला खडू पुरतो. लायनरवर आडव्या रेघा ओढायच्या, शू हाताने ड्रममध्ये धरून थोडा सरकवायचा आणि खडू कुठे पुसला ते पाहायचं. मधला मोठा भाग पुसलेला आणि टोकांना कागदाएवढी फट, असं जमेपर्यंत घासत राहायचं. या कामाला अर्धा दिवस जातो, म्हणून कुणी करत नाही. इथे तो दिला, आणि पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पॅडल एकसारखं लागू लागलं. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं; ती हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ड्रमवर कमाल माप कोरलेलं असेल तर तेच पाळायचं. नसेल तर मूळ व्यासापेक्षा १.५ मिमीच्या पुढे न जाण्याचा सर्वसाधारण नियम आहे. एका एक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाला मारावेत. रिबिटा पितळी किंवा तांब्याच्या हव्यात आणि मधून सुरू करून टोकांकडे ठोकायच्या. टोकांपासून सुरुवात केली तर लायनर मध्ये फुगतो. रिबिटच्या डोक्यावर जेमतेम १ मिमी लायनर उरला की बदलायचा, नाहीतर ड्रमला चरे पडतात.

आता तक्रार. जुलैत ब्रेक मारताच गाडी डावीकडे खेचू लागली. उजव्या पुढच्या व्हील सिलिंडरचा पिस्टन जाम झाला होता. बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजाचे खड्डे होते, तरी होन मारून, म्हणजे आतून घासून, भागवलं होतं. चूक तिथेच झाली. नखाला लागेल असा खड्डा असेल तर आत स्लीव्ह (नवी नळी) घालावी किंवा सिलिंडर नवा घ्यावा. रबर आणि बोअर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नयेत. रबर फुगतं आणि ब्रेक सुटत नाही. धुवायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट.

ब्रेक ऑइल ओलावा ओढतं. डॉट ३ या ग्रेडच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरणाऱ्या गाडीला डॉट ४ बरं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. ब्रेकच्या पाइपांतली एअर (हवा) काढताना मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पॅडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून, सर्वांत लांबचं चाक आधी.

गडावरून नांदुरीला उतरताना पॅडल खाली गेलं, पण तो बिघाड नव्हे. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं आणि ब्रेक सतत टेकवून न ठेवता मारून सोडला, तर हा त्रास जवळजवळ जाणवत नाही. तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर मात्र पहिले दोन-तीन ब्रेक कोरडे करण्यासाठीच खर्च होतात. तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं.

शू आणि ड्रममधल्या फटीची ॲडजस्टमेंट दोनदा करावी लागली. चाक अडकेपर्यंत आवळायचं, मग हलकी घासण ऐकू येईल इतकं सैल करायचं, पॅडल चार-पाच वेळा दाबून शू जागेवर बसू द्यायचे आणि पुन्हा पाहायचं. हँडब्रेकची केबल यानंतरच ताणायची. आधी ताणली तर मागचे शू कधीच पूर्ण मागे येत नाहीत.

मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, त्यामुळे किट आणि सिलिंडर दिसतील तेव्हा जोडीने घेऊन ठेवावेत. मागच्या एक्सलचे ऑइल सीलही त्यातच धरा. तेल प्यायलेला लायनर धुऊन किंवा जाळून परत चालत नाही, आणि बदलायचा तर दोन्ही बाजूंचा.