वडगावातलं मामांचं किराणा दुकान : बाजार कुठे भरावा विचाराल तर इथेच

दुकानावर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. बेळगावात वडगावच्या आमच्या भागात सगळे 'मामांचं दुकान' एवढंच म्हणतात. जागा अगदी लहान. चार गिऱ्हाईकं आली की पाचव्याला गटारीच्या कडेला उभं राहावं लागतं. तरी नव्याने राहायला आलेल्यांना मी सांगते, महिन्याचा बाजार इथेच भरा.

माल चांगला असतो. इंद्रायणी आणि बेळगावी बासमती पोत्यातून काढून हातावर वास घेऊन दाखवतात. जोंधळा निवडलेला, चुरमुरे कुरकुरीत, आणि शेंगाचटणी मामी घरी कुटतात, ती तर संपायच्या आत घ्यावी. साबण, बिस्किटं मोठ्या दुकानात थोडी स्वस्त मिळतील, ते खरं आहे. भाजी इथे मिळत नाही. दुपारी दुकान बंद असतं.

पण मी हे लिहायला बसले ते 2020 आणि 2021 साठी.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं तेव्हा वडगाव, खासबागातले साड्या विणायचे मागही थांबले. आमच्या घरचे मागावरच जातात. मजुरी दर साडीमागे मिळते. सूत येईना, विणलेल्या साड्या उचलायला व्यापारी येईना, मग पैसा कुठला? एप्रिलपासून रेशनवर माणशी 5 किलो तांदूळ फुकट मिळाला, त्याचा मोठा आधार झाला. पण तेल, तिखट, चहापूड, डोक्याचं तेल, बाळाची बिस्किटं? ते मामांनी दिलं. वहीत लिहिलं आणि "माग सुरू झाल्यावर बघू" एवढंच म्हणाले. माझ्या सासूबाईंना उधारीची फार लाज. त्या दुकानाकडे जाईनात, तर मामांनी पोराच्या हाती सामान पाठवलं आणि वर चिठ्ठी : काय राहिलं ते सांगा.

त्याच दिवसांत एक बरा पैसेवाला माणूस तेलाचे डबे उचलायला आला होता. मामांनी घरटी ठरवलेलं तेवढंच दिलं, रोख पैसे समोर असूनही. दुकानदाराने हे करायला छाती लागते. आजही मला त्याचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं, उधारीपेक्षाही.

2021 ची लाट जास्त वाईट होती. 27 एप्रिलपासून दुकानं सकाळी 6 ते 10 उघडी, आणि 10 मेपासून सामानाला गाडी काढायचीही बंदी. चालत जवळच्याच दुकानात जायचं. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. पांढऱ्या चुन्याचे गोल आखले होते, मामा घरात कन्नड बोलतात, पण रांगेत मराठीत दटावत, "अक्का, गोलात उभी राहा की!" ज्या घरी पेशंट असेल त्या घरचं सामान आदल्या रात्री बांधून ठेवत आणि गल्लीतली पोरं दारात ठेवून येत. वरच्या मजल्यावरच्या आजी दोरीला बुट्टी बांधून खाली सोडत.

ऑक्सिमीटर गल्लीत एकच होता, वर्गणीतून घेतलेला, आणि तो असायचा मामांच्या गल्ल्याशेजारी. घरोघर फिरून आला की सॅनिटायझरने पुसून परत तिथेच. आमच्या सासऱ्यांचा आकडा 94 च्या खाली गेला तेव्हा रात्री रिक्षा कुणी बघितली, तर गल्लीतल्या त्याच पोरांनी, मामांच्या फोनवरून. सासरे परत आले. समोरच्या काकू परत आल्या नाहीत. त्यांच्या घरी तेरा दिवस चहा-साखर, दूध मामांकडून गेलं, आणि भाकऱ्या आम्ही बायकांनी वाटून केल्या. त्या घराचं वहीतलं पान मामांनी पुन्हा कधी काढलं नाही, हे मला त्यांच्या पोराकडून कळलं, त्यांच्याकडून नाही.

आमची उधारी मागाची मजुरी सुरू झाल्यावर थोडी थोडी फेडली. व्याज नाही, टोमणा नाही.

आता जाणाऱ्यांसाठी : सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. फोनपे चालतं. ब्याडगी मिरची हवी असेल तर आधी सांगून ठेवा, नवा माल आला की मामा बाजूला काढून ठेवतात. आणि शेंगाचटणी नेताना डबा घरचा न्या, प्लास्टिक पिशवीत मामी देत नाहीत.