हाउसकीपिंगला पाच तारे कधी द्यावेत?

हॉटेलबद्दल लिहिताना 'रूम स्वच्छ होती' एवढ्यावर थांबू नका. ती स्वच्छ करणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही. एका पाळीत साधारण १२ ते १६ खोल्या उरकायच्या असतात. पाहुणा राहत असेल तर खोलीला १५-२० मिनिटं, चेकआउट झालेल्या खोलीला ३०-४५. घाईत पहिला बळी जातो बाथरूमचा: जंतुनाशक फवारून लगेच पुसलं जातं. लेबलवर दिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला नाही, तर जंतू मरत नाहीत, वास तेवढा छान येतो. फरशी आधी कोरडी न झाडता ओली केली, की केस कोपऱ्यात चिकटून बसतात. मुरलेला हात नेमका तिथे ओळखू येतो.

चादरीचे कोपरे ४५ अंशांत दुमडून घट्ट खोचलेले, कमोडचं आणि ग्लासचं फडकं वेगळ्या रंगाचं, रिमोटची बटणंही पुसलेली: हे चोख काम, चार तारे. पाचवा तारा नजरेचा. पाहुणा कोणत्या बाजूला झोपतो ते ओळखून पाण्याची बाटली तिकडे ठेवणं, चार्जरची वायर गुंडाळणं, पण टेबलावरच्या कागदांना हात न लावणं. (हे शेवटचं सगळ्यांत अवघड.)

टिप रोज ठेवा, कारण खोली रोज एकाच व्यक्तीकडे असेल असं नाही. सोबत 'हाउसकीपिंगसाठी' अशी चिठ्ठी हवीच. नाहीतर विसरलेले पैसे समजून कुणी हात लावत नाही. अभिप्रायात तारीख लिहा आणि खोली क्रमांक रिसेप्शनला कळवा. ड्युटीच्या तक्त्यावरून मॅनेजरला नाव लगेच सापडतं.